किती खाली

बस, जोसिमार. त्या डब्यावर नको, त्यात बेअरिंगं आहेत.
गाडी राहू दे उन्हात, तिला काही होत नाही.
चौकोनी गोल. चौऱ्याण्णवची ना?
नाव गोल आणि अंग सगळं कोनाकोनांचं.
माझ्या पहिल्या नवऱ्याकडे होती अशीच,
तो गेला, ती अजून चालते म्हणे, बेलो ओरिझोंचीकडे कुठेतरी.

तर तुला सहा सेंटिमीटर खाली हवीय.
सगळ्यांनाच हवी असते. शनिवारी रात्री
अख्ख्या कोन्ताजेंमधल्या गाड्या पंपावर लागतात ओळीनं,
बोनेटं उघडी, डिकीत स्पीकर,
आणि ज्याची जमिनीला जास्त लगटून
त्याच्याभोवती पोरं जास्त.
मी नावं नाही ठेवत. माझं पोट त्यावरच चालतं.

पण स्प्रिंग कापून मिळणार नाही इथे.
समोरच्या गल्लीत एलियाकिम कापतो ग्राइंडरनं,
दोन वेढे, तासाभरात, वर कॉफी फुकट.
कापलेली स्प्रिंग आखूड होते आणि हट्टी होते,
खड्ड्यावर चाक लोंबलं की बैठक सोडते,
मग परत कुठे बसेल ती तिची मर्जी.
गॅसवर तापवून बसवतात ते तर विचारूच नकोस,
पोलादाचा जीवच जातो त्यात.

ही बघ. हिचे वेढे वर दाट, खाली विरळ.
आधी मऊ दबते, मग ऐकत नाही.
हिच्यासोबत आखूड शॉकअप घ्यायचा, जुना नाही चालायचा,
तो तळाला टेकून टेकून तेल ओकतो.
रबरी ठोकळा अर्धा कमी करायचा.
मग चाकांचा कोन बघायचा, नाहीतर टायर
बाहेरून नवं दिसतं, आत तारा निघालेल्या.

आता सांग, मागे कोण बसतं?
गप्प का? स्प्रिंग वजन विचारते, मी नाही.
आई. बरं. मावशी आणि तिची शिलाई मशीन, कधीमधी.
आणि घरासमोर रस्ता कसा?
गतिरोधक? किती उंच?
'असेल थोडा' हे माप नाही, पोरा.
ही पट्टी घे. जा, मोजून ये.

*

आलास. पावलांवरूनच कळलं,
एक वाजतं, एक जरा उशिरा.
नऊ? मधोमध, सगळ्यात उंच जागी नऊ?
आणि हसतोस काय?

अच्छा.

तू सात वर्षांचा होतास. चेंडू पलीकडे गेला होता.
तुझ्या आईनं अकरा महिने नगरपालिकेत खेटे घातले,
सह्या गोळा केल्या, ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे,
आणि एका मंगळवारी डांबराची गाडी आली.
म्हणजे हा तुझ्यासाठीच घातलेला.
आणि आज तूच पट्टी घेऊन त्याच्यासमोर उकिडवा बसलास.
बघितलं असेल तिनं खिडकीतून,
हा आता काय शोधतोय तिथे.

डावा बूट दाखव. दीड सेंटिमीटरचा तळ, हो ना?
छान बसवलाय. कुणाकडून?
तुला मी एका बाजूनं बसलेली गाडी काय समजावणार.

कागद दे. एक्झॉस्टखाली साडेचौदा.
त्यातून नऊ गेले. आई, मावशी, मशीन मिळून दोन.
अर्धा ठेव धक्क्यासाठी, तो सांगून येत नाही.
उरले तीन.

तीन.

चाक आणि मडगार्डमध्ये दोन बोटं राहतील,
पंपावरची पोरं म्हणतील ही तर उंचच आहे.
म्हणू देत.
सहाच हवे असतील तर एलियाकिम उघडा आहे सातपर्यंत.
पोट घासत जाईल रोज त्याच्यावरून,
दिवसातून दोनदा, स्वयंपाकघरात ऐकू येईल.

पैसे हप्त्यानं दे. गुरुवारी आण, सकाळी, टाकी भरून,
रिकाम्या टाकीवर माप खोटं येतं.
आणि तिलाही आण.
शेवटचे नट मी मागच्या सीटवर वजन असतानाच आवळते.